चित्रात काय आहे ते सांगा

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरच्या गाड्या फार यायच्या. कापसाच्या गावांमध्ये काय चाललंय ते पाहायला, लिहायला, फोटो काढायला माणसं यायची आणि जाताना काहीतरी देऊन जायची. कुठे शिलाई मशीन, कुठे दप्तरं. आमच्या शाळेला कॉम्प्युटर मिळाले. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेने पाठवलेले. सोबत एक प्रोजेक्टर आणि धड्यांच्या सीडींचा डबा.

शाळा अनुदानित, बोरी अरबच्या पुढे, फाट्यावरून आत होती. मी यवतमाळहून एसटीने जायची. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीत. कापसाशी आमचा संबंध गाद्या भरून घेण्यापुरता. मी मराठी शिकवायची, आणि कॉम्प्युटरचा एक कोर्स केलेला होता म्हणून हेडमास्तरांनी त्या खोलीची किल्लीही माझ्याकडे दिली.

इतिहास-भूगोल शिकवणारे सर माझ्यापेक्षा बरेच मोठे होते. फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावरचे. घरी गोरबोली, शाळेत वऱ्हाडी आणि पुस्तकातलं मराठी फक्त तपासणीच्या दिवशी. बायको-मुलं तांड्यावर शेती करत, सर शाळेजवळ खोली घेऊन राहात. त्यांचा तास ऐकण्यासारखा असायचा. जुने व्यापारी मार्ग शिकवताना ते पुस्तक उघडतच नसत. "आमचे बैल मीठ घेऊन इकडूनच गेलते," असं म्हणत वर्गातून चालायला लागायचे. बाकांमधली वाट म्हणजे घाट, दाराचा उंबरठा म्हणजे नदीचा उतार. मुलं माना वळवून त्यांच्यामागे घाट चढायची. पुस्तक न उघडणं, फळ्यावर जवळजवळ काहीच न लिहिणं, वह्या घरी नेऊन तपासणं, हा सगळा मला त्यांचा ढंग वाटायचा.

पहिल्यांदा सीडी लावली ती सातवीच्या वर्गात. विषय होता आपली पिकं. खिडक्यांना ताडपत्री लावली, मुलं दाटीवाटीने बसली, सर बाजूला उभे राहिले. गाणं सुरू झालं. पांढऱ्याशुभ्र शेतात फेटा बांधलेला एक गोलमटोल माणूस टाळ्या वाजवत नाचत होता आणि खाली रंगीत अक्षरं उड्या मारत येत होती, 'कापूस हसला, शेतकरी हसला.' मग एका गोड आवाजाने विचारलं, "मुलांनो, चित्रात किती बोंडं फुटली आहेत बरं?" आणि उत्तरासाठी मध्ये थोडं संगीत.

कुणीच बोललं नाही. त्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या वडिलांची तेरवी होऊन ती नुकतीच शाळेत यायला लागली होती. आजूबाजूच्या मुली पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत होत्या आणि ती मांडीवरच्या दप्तराचा बंद गुंडाळत, सोडत होती.

"काहून चूप बसले रे?" सरांनी विचारलं. "काय दिसून राह्यलं?"

मी हळूच म्हटलं, "सर, तुम्हीच बघा ना."

त्यांनी तोंड वळवलं. पडद्याकडे नाही, पडद्याच्या बाजूच्या भिंतीकडे. "बाई," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "चित्रात काय आहे ते सांगा."

मी सांगितलं. एक शेतकरी कापसात नाचतोय. हसतोय.

"बंद करा."

मी बंद केलं. ताडपत्री काढली. सरांनी मुलांना विचारलं की यंदा कुणाच्या घरी भुईमूग आहे, कुणाकडे तीळ, डुकरं कुणाकडे जास्त येतात. हळूहळू एकेक बोलायला लागला.

तास संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. कधीपासून, एवढंच विचारलं.

"रातचं तं लहानपणापासूनच नाही दिसत. आता दिवसाचंही किनाऱ्या-किनाऱ्यानं चाललं. नळकांड्यातून पाह्यल्यासारखं होते. अन् तो पडदा तं निसता उजेड." मग म्हणाले, "वह्या घरमालकाची सून वाचून दाखवते. मार्क मीच सांगतो. कोणाले सांगू नका."

मी सांगितलं नाही.

चार दिवसांनी तेच कॉम्प्युटरच्या खोलीत आले. "हे सीडीवाले आपल्या पोट्ट्याईले वळखतच नाही. आपणच धडे करू."

मला हसू आलं, पण आम्ही खरंच केले. तेव्हा लोडशेडिंग इतकं असायचं की वीज कधी येईल ते बघून काम ठरवावं लागे. शाळा सुटल्यावर वीज असली की मी कॉम्प्युटरसमोर बसायची, सर बाजूला खुर्ची ओढून. ते बोलायचे, मी त्यांचा आवाज भरून घ्यायची, चित्रं लावायची, अक्षरं टाइप करायची. शेवटच्या एसटीपर्यंत.

माझं कौशल्य तेव्हा सगळं रंगात होतं. हिरव्यावर लाल अक्षरं, फिरणारे तारे, कोपऱ्यात उडणारं फुलपाखरू. सर प्रत्येक चित्रापाशी थांबवायचे. "सांगा, काय आहे?" मला दोन वाक्यांत सांगता आलं तर चित्र राहायचं. नाही आलं तर, "मंग ते कायले पाह्यजे? काढा." एकदा मी चिडून म्हटलं, "सर, तुम्हाला दिसत नाही म्हणून सगळ्यांनी चित्रं बघायचीच नाहीत का?" ते शांतपणे म्हणाले, "माह्यं सोडा. मागच्या बाकावरच्या पोट्ट्याले दिसन काय, ते पाहून या." मी मागे जाऊन बसले. लाल अक्षरं हिरव्यात बुडून गेली होती. मला एक ओळ धड वाचता आली नाही.

पहिल्या बाकावर एक कमी ऐकू येणारी मुलगी बसायची. यंत्र वगैरे काही नव्हतं तिच्याकडे. सरांच्या ओठांकडे बघून ती तास समजून घ्यायची. आमचा पहिला धडा लावला तेव्हा सरांचा आवाज येत होता आणि ओठ कुठेच नव्हते. ती आधी पडद्याकडे, मग सरांकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. तिचं मला दिसलं, सरांना नाही. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. तेव्हापासून त्यांनी बोललेला प्रत्येक शब्द मी चित्राखाली टाइप करायला लागले. किचकट काम. त्यात वाद असा की सर बोलायचे वऱ्हाडीत आणि माझी बोटं टाइप करायची पुस्तकी. "ती तासाले माह्ये ओठ पाह्यते अन् इथं खाली तुमचं वाचते. दोन्ही येगयेगळं असन तं तिनं काय समजावं?" मग मी जसंच्या तसं टाइप केलं. मराठीची शिक्षिका असून.

तांड्यावरून येणारी मुलं खिडकीजवळ बसायची, फार बोलायची नाहीत. 'आपलं घर' या धड्यात सरांनी आईसाठी एकदा 'याडी' म्हटलं. तो शब्द पडद्याखाली उमटला आणि खिडकीजवळचा अख्खा बाक खदखदून हसला. मग त्यातला एक उठला आणि तांड्यावर घराला, पाण्याला, भाकरीला काय म्हणतात ते विचारायच्या आत सांगायला लागला.

कापसाचा धडाही आम्ही केला. तो सरांनी फार दिवस मनात ठेवला होता. सरकी हातात कशी लागते इथपासून सुरुवात, मग पऱ्हाटी, पात्या, बोंडं, वेचणी. ना हसणारा माणूस, ना रडणारा. "कापूस कसा येते तेवढं आपण सांगू. कोणाले काय वाटते ते पोट्टे सांगतीन. सांगायचं असन तं." धडा झाला आणि ती दप्तराचा बंद गुंडाळणारी मुलगी पुढे आली. वेचणीच्या वेळी कापूस टाकायला कमरेला ओटी कशी बांधतात ते तिने ओढणीने बांधून दाखवलं. गाठ पक्की आहे का ते दोनदा ओढून पाहिलं आणि जागेवर जाऊन बसली.

ते आमचे चांगले दिवस होते. तेव्हा ते समजलं नाही.

सरांचं दिसणं भराभर कमी होत गेलं. एक दिवस व्हरांड्यातल्या सायकलवर ते आदळले, आणि मग लपवण्यासारखं काही राहिलं नाही. हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. पण तपासणी तोंडावर होती आणि घाबरट स्वभाव. "सर, तुम्ही फळ्यावर लिहीत नाही, पेपर दुसरंच कोणी वाचतं. उद्या कोणी तक्रार केली तर मी काय उत्तर देऊ?"

सरांनी थोडी मुदत मागितली. त्यांना एक आशा होती. नागपूरला अंध मुलांच्या एका शाळेत पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे, असं माझ्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं. आम्ही दोघं एका रविवारी जाऊन तो घेऊन आलो. आवाज हिंदी होता, पण देवनागरी वाचायचा. माउस न हलवता नुसत्या बटणांनी कॉम्प्युटर कसा चालवायचा हे सर त्या वयात शिकले. चुकलं की स्वतःलाच गोरबोलीत काहीतरी म्हणायचे आणि पुन्हा करायचे. म्हणाले, "एकदा का मले माह्या मनानं वाचता आलं, की हेडमास्तर काय म्हणतीन? पेपरही वाचीन, धडेही बदलवीन. तुमच्या गाडीची घाई नाही."

ज्या दिवशी ते एकट्याने बटणं दाबत आमच्या धड्यांपर्यंत पोचले, त्या दिवशी मी मुद्दाम मागे उभी राहिले. कापसाचा धडा उघडला. त्यांनी वाचण्याचं बटण दाबलं.

आवाज बोलायला लागला. "डी, कॉमा, ओ, कंस, एस, के..." असंच पुढे. न थांबता.

"बाई, हे तं मले शिव्या देऊन राह्यलं," सर हसत म्हणाले.

दुसरा धडा उघडला. तेच. तिसरा. तेच. मला आधी काही कळेना, मग कळलं. तेव्हा सगळे जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचे. छापखान्यात, कचेरीत, सगळीकडे तेच. पडद्यावर 'क' दिसायचा, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीतलंच एखादं अक्षर असायचं, मराठी 'क'चा मुखवटा घातलेलं. बघणाऱ्याला ते मराठी. वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला नुसता कचरा. आम्ही बसून केलेला एकेक शब्द असाच होता.

मी ते जमेल तसं समजावलं. सरांनी बटणांवरून बोटं उचलली.

"म्हंजे आपण समद्यायसाठी केलं," ते म्हणाले, "अन् माह्यासाठीच नाही."

ते हसतच म्हणाले होते. पण त्या दिवशी पुन्हा प्रोग्राम लावला नाही.

युनिकोड नावाचा नवा प्रकार आला होता, त्यात टाइप केलं तर आवाज नीट वाचतो, हे मी यवतमाळला चौकशी करून शोधलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचं होतं. मी सरांना म्हटलं, थोडे दिवस द्या. ते म्हणाले, माझ्या हातात असते तर दिले असते.

हेडमास्तरांनी त्यांना डॉक्टरी दाखला आणायला लावला होता. दाखल्यावर जे असायचं ते होतं. "कायद्यात बसत नाही सर, आंधळा माणूस या जागेवर राहू शकत नाही. स्वतःहून अर्ज द्या, सन्मानाने जाल." मी घरी वडिलांना विचारलं. त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेलेली. नियम विचारायला गल्लीतले लोक त्यांच्याकडे यायचे. वडिलांनी चष्मा काढून विचार केला आणि म्हणाले, "अनफिट म्हणजे अनफिट. हेडमास्तर सांगतात ते बरोबर आहे." मी तसंच सरांना सांगितलं.

सही करायच्या जागी मी पट्टी धरली. पट्टीच्या कडेने त्यांनी सही केली. थोडी वर गेली, पण चालली. निरोपाला शाल, नारळ, हेडमास्तरांचं भाषण. मुलं रडली. कमी ऐकू येणारी ती मुलगी रडली नाही. सर बोलत होते तोवर ती त्यांच्या ओठांकडे बघत होती.

मी टाइप करत राहिले. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, वीज असेल तेव्हा. जुने धडे मी बाजूला ठेवले होते. सगळं नीट झालं की एकदमच लावू, असं ठरवलं होतं. सरांच्या जागी आलेल्या शिक्षकांना कॉम्प्युटरची आवड नव्हती. हेडमास्तरांना सामान चोरीला जाईल याची काळजी. खोलीला कुलूप राहिलं.

दिवाळीनंतर काम पुरं झालं. एका नातेवाइकाचा लॅपटॉप मागून घेतला आणि फुलसावंगीला जाणारी बस धरली. तिथून ऑटोने तांड्यावर. घरापुढच्या ओट्यावर सर बसलेले होते, दाढी वाढलेली. पांढरा शर्ट मात्र तोच, शाळेतला. माझा आवाज ओळखून "आव, बेस" म्हणाले आणि मग, "बाई, बसा ना," असं पुन्हा मराठीत. सुनेने पाणी आणलं. घरात आणि बाहेर सगळीकडे कापसाची बोचकी होती. घरातले बाकीचे वेचणीला गेले होते.

मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. धडा लावला. तो हिंदी आवाज त्यांचं वऱ्हाडी वाचायला लागला. 'पोट्ट्याहो' म्हणताना अडखळायचा, 'शाळा'ला 'शाला' म्हणायचा. सरांनी पूर्ण धडा ऐकला. मान खाली घालून, मध्ये एकदाही न थांबवता. संपल्यावर हाताने चाचपत झाकण शोधलं आणि अलगद बंद केलं.

"चांगलं झालं," म्हणाले.

मी म्हटलं, आता सगळे असेच झालेत, बटणं तुम्हाला येतातच, मी कुठूनतरी एक जुना कॉम्प्युटर मिळवते.

"आता कायले, बाई? कोणाले शिकवू?"

तांड्यावरची मुलं, असं मी म्हणणार होते. पण ओट्यासमोर एकही मूल नव्हतं. सगळी शेतात होती.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "शाळेत लावता ना धडे?"

मी खरं ते सांगितलं. खोलीला कुलूप आहे. आणि हे पुरं होईपर्यंत मीही जुने लावले नाहीत.

ते म्हणाले, "त्या पोट्टीले तं जुनेच पुरत होते. तिले दिसत होते ना ते अक्षरं."

मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवरून उचलून पिशवीत ठेवला.

"माह्यापायी तिचं साल गेलं," सर म्हणाले.

"नाही सर, तुमच्यामुळे नाही," मी घाईने म्हटलं. पण त्यांनी हात हलवून मला थांबवलं, जसे वर्गात थांबवायचे. ती मुलगी पोळ्यानंतर शाळेत आलेलीच नव्हती, वर्गात काही कळत नाही म्हणून घरच्यांनी तिला शेतात कामाला लावलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. बस चुकेल म्हणून मी उठले. सून मला ऑटोपर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "मामाजी घरात कोणाशी बोलतच नाहीत. आज बोलले."

मी पुन्हा येईन म्हटलं होतं. दोनदा निघायचं ठरलं आणि राहून गेलं. एकदा माझा मुलगा आजारी, एकदा शाळेच्या परीक्षा. सर गेल्याची बातमी मला बऱ्याच उशिरा कळली, त्यांच्या घरमालकाच्या सुनेकडून, ती एसटीत भेटली तेव्हा.

पुढे माझी बदली झाली. कितीतरी वर्षांनी यवतमाळला शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. सगळ्या मुलांना वापरता येईल असं साहित्य कसं करायचं, हा विषय. तरुण प्रशिक्षक होता, मन लावून बोलत होता. चित्राचं वर्णन द्या, अक्षरं मोठी ठेवा, नुसत्या रंगावर विसंबू नका, बोललेलं लिहूनही द्या. सगळे लिहून घेत होते. मी काही लिहिलं नाही. मला ते सगळं दुसऱ्याच आवाजात ऐकू येत होतं. शेवटी त्याने अपंग शिक्षकांच्या हक्कांबद्दल थोडं सांगितलं. सरकारी किंवा अनुदानित नोकरीत असताना एखाद्याला अंधत्व आलं तर त्याला काढता येत नाही, नोकरी सोडायला लावता येत नाही. त्याला झेपेल असं काम द्यावं लागतं.

"हा कायदा कधी आला?" मी विचारलं.

"जुनाच आहे की, मॅडम," तो म्हणाला आणि त्याने साल सांगितलं. आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले त्याच्याही कितीतरी आधीचं.

चहाची सुट्टी झाली, सगळे उठले. मी खुर्चीतच बसून राहिले.

वडील तेव्हा हयात होते, खूप थकलेले. घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं. आधी त्यांना कोणते सर ते आठवेना. मग आठवलं. हातातला पेपर त्यांनी घडी करून बाजूला ठेवला.

"परिपत्रक आलं असेल," ते म्हणाले. "आलंच असेल. आम्ही फाइलला लावलं असेल."